भूकंपाचे भाकीत आणि उपग्रहांची साक्ष

ग्रहणाचा स्पर्श किती वाजून किती मिनिटांनी होणार आणि मोक्ष केव्हा, हे पंचांगकर्ते वर्षभर आधी छापून मोकळे होतात आणि त्यांचे गणित सहसा चुकत नाही. त्या भरवशावर देवालयांतील पूजेअर्चेच्या वेळा बदलतात, गाभाऱ्याची दारे मिटतात व पुन्हा उघडतात. जवळजवळ चार लक्ष किलोमीटरांवरील चंद्राविषयी इतकी निश्चिती आणि ज्या भूमीवर देवालय उभे आहे तिच्याविषयी मात्र उद्या पहाटेचीही शाश्वती नाही, हा विरोध विचारी मनास फार प्राचीन काळापासून सलत आला आहे. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत भूकंपलक्षणांसाठी एक स्वतंत्र अध्याय राखून ठेवला. भूमी का हालते याविषयी पूर्वाचार्यांची निरनिराळी मते त्याने आरंभी नोंदली. कोणी समुद्रातील महाकाय जीवाकडे बोट दाखविले होते, कोणी पृथ्वी पेलून थकलेल्या दिग्गजांकडे, तर कोणी वाऱ्यांच्या संघर्षाकडे. त्यानंतर वायू, अग्नी, इंद्र आणि वरुण अशी चार मंडले मानून त्याने भूकंपांची वर्गवारी केली. परस्परविरोधी मते दडवून न ठेवता एकापुढे एक मांडण्याची त्याची ही रीत आम्हांस, आमच्या वकिली सवयीमुळे असेल, फार आवडते. परंतु ज्या ज्योतिर्विदाने ग्रहणाचे गणित सांगितले, त्यास भूकंपाचे गणित मात्र देता आले नाही, हेही तितकेच खरे.

त्या गणिताचा पहिला धागा आकाशात सापडला नाही. तो जमीन मोजणाऱ्यांच्या वह्यांत सापडला. सुमात्रा बेटावर डच मोजणीदार त्रिकोणमापनाचे काम करीत असता 1892 साली तेथे भूकंप झाला आणि आधी रोवलेल्या खुणा आपल्या जागा सोडून सरकल्याचे त्यांच्या ध्यानी आले. आपल्याकडे 1897 च्या आसाम भूकंपानंतर खासी टेकड्यांचे मोजमाप पुन्हा करण्यात आले, आणि ते आकडे शंभर वर्षांनंतरही संशोधकांच्या कामी आले. तथापि या नोंदींतून सिद्धान्त उभा केला तो अमेरिकेतील हॅरी फील्डिंग रीड याने. 18 एप्रिल 1906 च्या पहाटे सान फ्रान्सिस्को शहर हादरले. सान आंद्रेआस भ्रंशाच्या दोन बाजू काही ठिकाणी एकमेकींपासून सुमारे सहा मीटर सरकल्या. कुंपणे आणि रस्ते मध्येच तुटून बाजूला गेले. रीडने एकोणिसाव्या शतकातील दोन मोजण्या आणि भूकंपानंतरची तिसरी मोजणी शेजारी शेजारी ठेवून पाहिली. भ्रंशापासून दूरची जमीन भूकंपाच्या आधीची कित्येक वर्षे हळूहळू सरकत होती, भ्रंशालगतची मात्र घर्षणाने अडून राहिली होती. मधला खडक वेताच्या छडीसारखा वाकत गेला आणि एके दिवशी अडसर सुटून ताडकन सरळ झाला. 1910 साली आपल्या अहवालात त्याने असेही सुचविले की भ्रंशास काटकोनात खांबांची एक ओळ उभारून त्यांची अंतरे वारंवार मोजत राहावी, म्हणजे ताण किती साठला हे कळेल आणि पुढील भूकंप केव्हा, याचाही काही अंदाज बांधता येईल.

या सूचनेतच पुढील शंभर वर्षांचा सगळा इतिहास बीजरूपाने आहे. भूमीचे एक खाते आहे, त्यात दरसाल ताणाचे कर्ज चढत जाते आणि भूकंप ही त्याची वसुली. कर्ज मोजता आले तर वसुलीची तारीख सांगता येईल काय, हाच तो प्रश्न.

रीडचे खांब ज्या बारकाईने मोजावयास हवे होते ती बारकाई साखळीने आणि दुर्बिणीने साधणारी नव्हती. ती उपग्रहांनी साधली. जीपीएस या नावाने आज सर्वतोमुखी झालेल्या अमेरिकी व्यवस्थेतील पहिला उपग्रह 1978 च्या फेब्रुवारीत सोडण्यात आला, तो सैनिकी कारणासाठी. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून हे उपग्रह अत्यंत अचूक घड्याळाची वेळ सांगत फिरतात. चार उपग्रहांचे संदेश पोहोचण्यास लागलेला काळ मोजला की ग्राहकयंत्राची जागा निघते. वाटसरूस रस्ता दाखविणाऱ्या यंत्रात काही मीटरांची चूक चालून जाते. भूमापनशास्त्रज्ञ मात्र संदेशवाहक लहरीचीच मोजणी करतात. ती लहर सुमारे एकोणीस सेंटिमीटर लांब असते आणि तिचा अल्पांश मोजता येतो. खडकात पक्के रोवलेले यंत्र वर्षानुवर्षे एकाच जागी ठेवून त्याचे मोजमाप केले, की ती जागा वर्षाला किती मिलिमीटर कोणत्या दिशेस चालली आहे हे स्वच्छ दिसते. भारताची भूमी ईशान्येकडे वर्षास सुमारे पाच सेंटिमीटर सरकते आहे, हे या रीतीने आता वहीत मांडलेल्या जमाखर्चासारखे प्रत्यक्ष झाले आहे.

जपानइतके हे खाते कसोशीने दुसऱ्या कोणत्याही देशाने ठेवले नाही. 17 जानेवारी 1995 रोजी कोबे शहराच्या भूकंपात सहा हजारांहून अधिक माणसे मेली. त्यानंतर जपानने स्थाननिश्चितीच्या केंद्रांचे आपले जाळे वेगाने वाढविले. आज सुमारे तेराशे पोलादी स्तंभ, एकमेकांपासून सरासरी वीस किलोमीटरांवर, अहोरात्र आपली जागा सांगत उभे आहेत. परंतु कायद्याच्या अभ्यासकास त्याहून कुतूहल वाटावे असा प्रकार तेथे आधीच घडला होता. कात्सुहिको इशिबाशी या शास्त्रज्ञाने 1976 साली टोकाई प्रदेशास मोठ्या भूकंपाचा धोका असल्याचे सांगितले, आणि 1978 साली जपानच्या संसदेने भूकंपाचे भाकीत होऊ शकते असे गृहीत धरून एक कायदाच केला. पूर्वचिन्हे दिसताच तज्ज्ञांनी पंतप्रधानांस कळवावे, पंतप्रधानांनी इशारा द्यावा आणि मग आगगाड्या थांबाव्यात, पेढ्या बंद व्हाव्यात, असा त्याचा क्रम होता. निसर्ग अमुक रीतीने वागेल असे गृहीतक कायद्याच्या कलमांत बसविण्याचे असे दुसरे उदाहरण आमच्या वाचनात नाही.

या गृहीतकाची परीक्षाही झाली. 2000 साली टोकाई भागातील उपग्रहकेंद्रे नेहमीच्या दिशेहून वेगळ्या दिशेने सरकू लागली. भूमीखाली दोन स्तर अतिशय संथपणे एकमेकांवरून घसरत होते. हीच ती पूर्वसूचना काय, असा प्रश्न साहजिकच उभा राहिला. ते घसरणे पाच वर्षे चालले आणि 2005 च्या सुमारास आपोआप थांबले. मोठा भूकंप झाला नाही. कॅनडातील व्हँकूव्हर बेटावर 1999 च्या उन्हाळ्यात केंद्रे काही आठवडे उलटी सरकल्याचे हर्ब ड्रॅगर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 साली प्रसिद्ध केले होते. तेथे तर असा मूक भूकंप सुमारे चौदा महिन्यांच्या अंतराने पुन:पुन्हा होतो. भूमी अशी हळूच कूस बदलू शकते हा उपग्रहमापनाने लावलेला सर्वांत मोठा शोध, असे आम्ही समजतो. आणि भाकीत करणाऱ्यांच्या वाटेतील सर्वांत मोठी धोंडही तीच. घसरणे हे पूर्वचिन्ह मानावे तर बहुतेक वेळा त्यामागून काहीच येत नाही.

अमेरिकेतील पार्कफील्ड येथे याहून साध्या हिशेबावर भिस्त ठेवण्यात आली होती. 1857 पासून 1966 पर्यंत तेथे सरासरी बावीस वर्षांनी मध्यम भूकंप होत आले, म्हणून 1993 च्या आत पुढचा होणारच, असे 1985 साली सांगण्यात आले. डोंगरभर यंत्रे बसविली गेली. भूकंप झाला तो 28 सप्टेंबर 2004 रोजी, आणि त्याच्या आधी त्या यंत्रांत काहीच निःसंदिग्ध दिसले नाही.

मग आली 11 मार्च 2011 ही तारीख. जपानच्या ईशान्येस समुद्रतळाखाली 9 प्रतीचा भूकंप झाला. ओशिका येथील केंद्र एका झटक्यात सुमारे 5.3 मीटर पूर्व-आग्नेयेस सरकले आणि सव्वा मीटरभर खचले. समुद्रतळावरील एक खूण तर चोवीस मीटर सरकली. त्या किनाऱ्याचे खाते काय सांगत होते? किनारा दरसाल दाबला जात होता, कर्ज चढत होते, एवढे तेराशे केंद्रांनी आधीच दाखविले होते. परंतु केंद्रे सारी जमिनीवर आणि भ्रंश समुद्राखाली दूरवर. तेथे नेमके किती साठले आहे हे त्यांस दिसत नव्हते, आणि इतक्या थोर भूकंपाची अपेक्षा अधिकृत अंदाजांत कोणी केलेली नव्हती. याहून शोचनीय गोष्ट पुढच्या काही मिनिटांतली आहे. तीन मिनिटांत दिलेल्या पहिल्या इशाऱ्यात भूकंप 7.9 प्रतीचा धरलेला होता, म्हणून इवाते आणि फुकुशिमा किनाऱ्यांस तीन मीटर लाटेची सूचना गेली. प्रत्यक्षात आलेली लाट त्याच्या कित्येक पट उंच होती. कंपनलेखक यंत्रे अतिप्रचंड भूकंपात लगोलग पुरते मोजू शकत नाहीत. जमीन किती सरकली हे मोजणारी केंद्रे ते काम करू शकतात. ती माहिती त्या वेळी इशारा देणाऱ्यांच्या हाती त्या क्षणी पोहोचण्याची व्यवस्था नव्हती. नंतर जपानने ती केली. भाकिताच्या ध्यासात ज्याकडे काहीसे दुर्लक्ष झाले तो हा उपयोग आम्हांस अधिक मोलाचा वाटतो, कारण येथे उपग्रह भविष्य सांगत नाही. झाले ते किती मोठे, एवढेच तो लवकर सांगतो, आणि लाट किनाऱ्यास लागण्यापूर्वीच्या वीस-तीस मिनिटांत तेवढे पुष्कळ असते.

तरीही मूळ आशा सुटत नाही. होक्काइदो विद्यापीठाचे कोसुके हेकी यांनी 2011 साली असा दावा केला की त्या भूकंपापूर्वी सुमारे चाळीस मिनिटे वातावरणाच्या अतिउच्च विद्युत्भारित थरात बदल झाला होता आणि उपग्रहांच्या संदेशांतील विलंबातून तो दिसतो. प्रतिपक्षाने उत्तर दिले की तुलनेसाठी जी आधाररेषा धरली ती भूकंपानंतरच्या काळावर अवलंबून आहे. ती बदलली की चिन्हही बदलते. हा वाद पुरता मिटलेला नाही. 1 एप्रिल 2014 रोजी चिलीतील इकीके येथे 8.2 प्रतीचा भूकंप झाला, त्यापूर्वी सुमारे दोन आठवडे किनाऱ्यावरील केंद्रे समुद्राकडे सरकत होती. ती संथ घसरणीने सरकली की आधीच्या लहान भूकंपांच्या बेरजेने, यावरही मतभेद झाले.

या साऱ्यांत अधिक गाजलेला दावा 2023 सालचा. क्वेंटिन ब्लेतरी आणि झाँ-मॅथ्यू नोके या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी 7 किंवा त्याहून अधिक प्रतीचे 90 भूकंप निवडले आणि जवळपासच्या केंद्रांच्या तीन हजारांहून अधिक नोंदी घेतल्या. दर पाच मिनिटांनी घेतलेली ही मापे होत. भूकंपात जे केंद्र ज्या दिशेस सरकणार होते त्या दिशेस ते आधीच किंचित सरकू लागले होते काय, हे पाहून त्यांनी सर्व नोंदींची बेरीज केली. एकट्या केंद्राची साक्ष गोंगाटात बुडून जाते. बेरजेत मात्र भूकंपापूर्वी सुमारे दोन तास क्रमाने वाढत जाणारी हालचाल दिसली, असे त्यांचे म्हणणे होते. सायन्स या नियतकालिकात तो लेख आला. लेखकांनी स्वतःच नमूद केले होते की एखाद्या भूकंपाचे भाकीत करण्यास आजच्या यंत्रांची बारकाई कितीतरी अपुरी आहे. दोन तास! दोन तासांत शाळा रिकाम्या होतील, आगगाड्या थांबतील, आजारी माणसे अंगणात आणता येतील. अशा दाव्याने जगाचे मन हेलावले यात नवल नाही.

त्यानंतर उलटतपासणी झाली. काइल ब्रॅडली आणि जुडिथ हबर्ड या भूशास्त्रज्ञांनी त्याच मापांचा हिशेब पुन्हा मांडला. उपग्रहाच्या घड्याळात वा कक्षेच्या गणितात जराशी चूक झाली, की एका प्रदेशातील सर्व केंद्रे एकाच दिशेस सरकल्यासारखी भासतात. केंद्रे हलत नाहीत. हलते ते गणित. सर्व केंद्रांस समान असलेला हा दोष त्यांनी वजा केला, तेव्हा दोन तासांचे ते चिन्ह मावळले. आमच्या व्यवसायात याचे इंगित चटकन उमजते. पुराव्याच्या कायद्याने साक्षीदारांची संख्या ठरवून दिलेली नाही. साक्ष मोजावयाची नसते, तोलावयाची असते. एकाच माणसाकडून ऐकलेली हकीकत दहा जणांनी सांगितली तर ते दहा साक्षीदार होत नाहीत. फ्रेंच शास्त्रज्ञांचे कौतुक असे की आपली मापे आणि रीत त्यांनी उघडी ठेवली होती, म्हणूनच दुसऱ्यास ती तपासता आली. न्यायालयाबाहेर इतकी खुली उलटतपासणी क्वचित पाहावयास मिळते.

परंतु ज्यास मापे कळतात त्याने लोकांस काय सांगावे, हा प्रश्न खऱ्या न्यायालयातही गेला आहे. इटलीतील लाक्विला येथे 2009 च्या आरंभी कित्येक महिने लहान धक्के बसत होते. 31 मार्च रोजी तज्ज्ञांच्या समितीची तेथे बैठक झाली. नागरी संरक्षण विभागाच्या उपप्रमुखांनी तर तिच्याआधीच दूरदर्शनवरील मुलाखतीत सांगितले की धक्क्यांनी शक्ती निघून जात आहे, हे चांगलेच लक्षण होय. 6 एप्रिलच्या पहाटे 6.3 प्रतीचा भूकंप झाला आणि 309 माणसे गेली. जोराचा धक्का बसला की घराबाहेर चौकात रात्र काढावी ही तेथील पिढीजात चाल. त्या रात्री दिलासा मिळाल्यामुळे आम्ही घरांतच राहिलो, अशी साक्ष मृतांच्या नातलगांनी दिली. 2012 साली सात जणांस प्रत्येकी सहा वर्षांची शिक्षा झाली. 2014 साली अपिलात सहा शास्त्रज्ञ निर्दोष सुटले, उपप्रमुखांची शिक्षा दोन वर्षांवर आली आणि 2015 साली सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. भूकंपाचे भाकीत केले नाही म्हणून शास्त्रज्ञांस तुरुंग, असा गवगवा जगभर झाला. गॅलिलिओचे नावही घेतले गेले. तो आम्हांस उथळ वाटतो. आरोप भाकीत न केल्याचा नव्हताच. खोटा दिलासा दिल्याचा होता. भूकंप होणार नाही, हेही एक भाकीतच आहे आणि त्यासही तेवढाच पुरावा लागतो, हे त्या खटल्यात उघडे पडले. सहा जणांची मुक्तता आम्हांस योग्य वाटते, आणि सातव्याची शिक्षा टिकली हेही.

जपानने यातून आपली भाषा बदलली. भाकिताच्या गृहीतकावर उभी असलेली टोकाईची व्यवस्था 2017 साली मागे पडली. निश्चित भाकीत शक्य नाही हे सरकारनेच मान्य केले आणि नानकाई खंदकासाठी नवी रीत सुरू झाली. 8 ऑगस्ट 2024 रोजी ह्युगा समुद्रात 7.1 प्रतीचा भूकंप होताच त्या रीतीने पहिली सूचना निघाली. थोर भूकंपाची शक्यता नेहमीहून काहीशी वाढली आहे, आठवडाभर सावध असावे, व्यवहार चालू ठेवावेत, असा तिचा आशय होता. पंतप्रधान किशिदा यांनी मध्य आशियाचा दौरा रद्द केला. आठवडा लोटला, काही झाले नाही, सूचना मागे घेतली गेली. आगगाड्या थांबविणाऱ्या 1978 च्या कायद्याशेजारी ही सूचना ठेवून वाचली, की ज्ञान वाढले म्हणजे दावा लहान होतो याची प्रचिती येते.

आपल्याकडील खात्याचे काय? हिमालयात केंद्रांची मापे 1990 नंतरच्या दशकापासून घेतली जात आहेत. भारताच्या सरकण्यापैकी वर्षास सुमारे दोन सेंटिमीटर हिमालयाच्या पायथ्याखालच्या अडून बसलेल्या भ्रंशावर साठत आहेत. विनोद गौर, रॉजर बिलहॅम आणि पीटर मोल्नर यांनी 2001 साली हा हिशेब जाहीरपणे मांडला. 25 एप्रिल 2015 रोजी नेपाळात त्यातील एका तुकड्याची वसुली झाली. काठमांडूचे खोरे सुमारे एक मीटर उचलले गेले आणि दक्षिणेकडे सरकले, जवळजवळ नऊ हजार माणसे मेली, काष्ठमंडप कोसळला. पशुपतिनाथाचे मुख्य मंदिर मात्र उभे राहिले. पश्चिम नेपाळ आणि कुमाऊँ या भागात याहून मोठा भूकंप होऊन, 1505 पासून, पाच शतके उलटली. वर्षास दोन सेंटिमीटर या दराने तेथे दहा मीटरांच्या आसपासचे देणे साठले असावे. बदरी-केदारच्या वाटेने दरसाल जाणाऱ्या यात्रेकरूंस हा आकडा ठाऊक असावा. तो उद्याचा आहे की पुढल्या शतकातला, हे एकही उपग्रह सांगत नाही. त्या वाटेवरील धर्मशाळा आणि पूल कसे बांधावेत हे मात्र तो आजच सांगतो.

दख्खनचे खाते याहून निराळे, किंबहुना जवळजवळ कोरे. द्वीपकल्पाच्या अंतर्भागातील केंद्रे एकमेकांच्या संदर्भात वर्षाकाठी एकदोन मिलिमीटरही हलत नाहीत. कोयनेस 11 डिसेंबर 1967 रोजी भूकंप झाला त्यास जलाशयाचे निमित्त होते, म्हणून तेथे आता खोल विवरे खणून भूगर्भ तपासण्याचा प्रयत्न चालू आहे. किल्लारीस तसे निमित्तही नव्हते. तेथे 1992 च्या पावसाळ्यात आणि त्यानंतर धक्के बसले होते, मग ते शमले. 30 सप्टेंबर 1993 रोजी, गणेशविसर्जन आटोपून गावे निजली असता, पहाटे चार वाजण्याच्या सुमारास भूमी हादरली आणि जवळजवळ दहा हजार माणसे गेली. भूकंप 6.2 प्रतीचा, म्हणजे जपानच्या मानाने मध्यम. जाड दगडांच्या आणि मातीने सांधलेल्या भिंती, आणि छपरावर मातीचा हातभर थर, अशी ती घरे होती. तशी घरे मराठवाड्याच्या पुष्कळ गावांत आजही उभी आहेत.